सातवा मुद्दा

इरा, निषाद,

समोरच्या शाळेत यंदाही परीक्षेचं केंद्र पडलं आहे. दहा वाजल्यापासून मुलांच्या आया फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली वर्तमानपत्रं अंथरून बसतात. कुणी डब्यातून दही-साखर आणलेली असते, कुणी मुलीच्या कंपासपेटीतली पेनं पुन्हा पुन्हा मोजते. झेरॉक्सच्या दोन्ही दुकानांची शटरं पेपर सुटेपर्यंत ओढलेली असतात. वरून पिवळी पानं गळत असतात. आयांच्या डोक्यांवर, खांद्यांवर पडतात, कुणी झटकत नाही. घंटा झाली की सगळ्या एकदम गप्प होतात आणि फाल्गुनातली ती कोरडी झळ रस्त्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघून जाते.

आज आमच्याकडे पाण्याचा दिवस. टाकी, दोन पिंपं, चार बादल्या, शेवटी पिण्याचा हंडा, या क्रमानं मी पाणी भरून ठेवलं. क्रम चुकला तर मला दिवसभर चैन पडत नाही. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी देवांना आडनावांच्या क्रमानं उभं करेल." ते चेष्टेत म्हणायचे. मी खरंच केलं असतं.

मागच्या रविवारी फोनवर इरानं विचारलं होतं, "आजी, तू कॉलेजात नक्की काय शिकवायचीस?" मी एका अमेरिकन तत्त्वज्ञाचं नाव सांगितलं. निषादनं तिथल्या तिथं शोधलं आणि हसून म्हणाला, "आजी, हा तर आमच्याच देशातला, पण इथं याला कुणी ओळखत नाही. तुम्ही लोक औरंगाबादमध्ये बसून याला शिकवत होतात?" हो बाळा, शिकवत होतो. उस्मानपुऱ्यातून रिक्षानं कॉलेजात जायचं, पत्र्याच्या छताखालच्या वर्गात तीस-पस्तीस मुलं-मुली, पंखा फिरतो की नाही ते मान वर करूनच कळायचं, आणि मी त्यांना सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाचं म्हणणं मराठीत उतरवून द्यायची. त्याचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक झालंच आहे, आणि बाकी कुणाला त्याचं काही नाही.

तो एका थंड, लहानशा गावात वाढला. घरच्यांना वाटे मुलानं धर्मोपदेशक व्हावं. त्यासाठी तो शिकायला गेला आणि तत्त्वज्ञान घेऊन बसला. त्या काळी तिथले मोठमोठे गुरू सांगत, हे सगळं जग म्हणजे मनातला विचार आहे; पाहणारं मन नसेल तर पाहण्याजोगं काही उरत नाही. हा तरुण मास्तर म्हणाला, थांबा. आपण एखादी वस्तू पाहतो तेव्हा आपण तिथं असतोच, यात आपला इलाज नाही. पण आपल्याला बाजूला होता येत नाही, एवढ्यावरून वस्तू आपल्यामुळं आहे असं कसं ठरतं? मी वर्गात माळ्यावरच्या हंड्याचं उदाहरण देत असे. हंडा आहे की नाही ते पाहायला शिडी लावून चढावं लागतं. चढलं की पाहणारा तिथं हजर. म्हणून पाहणाऱ्यामुळंच हंडा आहे म्हणायचं का? मागच्या बाकावरून एकदा कुणीतरी म्हणालं होतं, "मॅडम, आमच्या माळ्यावर उंदीर हायेत, आम्ही न चढताच मानतो." सगळा वर्ग हसला, मीही हसले, आणि मग हंडा तसाच पुढच्या मुद्द्यात नेला.

त्यानं आणि त्याच्या काही मित्रांनी मिळून आपली मतं एकत्र जाहीर केली. तत्त्वज्ञानातही शास्त्रज्ञांसारखं मिळून काम करता येईल, अशी त्यांना आशा होती. काही वर्षांतच ते आपसात भांडले. भांडण भ्रमावरून होतं. सगळं जर बाहेर, खरोखर आहे, तर दोरीच्या जागी दिसलेला साप कुठं असतो? चूक कुठं राहते? यावर प्रत्येकानं वेगळं उत्तर दिलं आणि ते पांगले. तो मात्र त्याच विद्यापीठात म्हातारा झाला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच विभागातली मुलं दुसऱ्या पुस्तकांकडे वळली. आपलं म्हणणं खरं असेल तर ते कुणी वाचो न वाचो, खरंच राहील, असं त्याला वाटत असावं. निदान त्याच्या तत्त्वज्ञानाप्रमाणे त्याला तसं वाटायला हवं होतं.

मी यातून सहा मुद्दे काढले होते. चरित्र, आधीच्यांचं मत, त्यावरचा आक्षेप, ज्ञानानं वस्तू बदलत नाही हे सूत्र, भ्रमाची अडचण, समारोप. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, डावीकडे तांबड्या शाईचा समास. दर वर्षी जानेवारीत मी ते सहा मुद्दे सांगायची आणि मुलं उतरवून घ्यायची. तुम्हाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे पुस्तकं इंग्रजीत आणि मुलं मराठीत, मधे आम्ही. नोट्स देणं हीच शिकवण्याची रीत होती. माझ्या नोट्स नंतर जालन्यापर्यंत आणि बीडपर्यंत गेल्या. परीक्षेत पाचशे उत्तरपत्रिका आल्या तर पाचशे वेळा माझीच वाक्यं, माझाच स्वल्पविराम, वर माझंच एक चुकलेलं क्रियापदसुद्धा. त्याचं मला वाईट वाटत नसे. उलट घरात सगळी भांडी जागेवर असल्यासारखं बरं वाटे.

उत्तरपत्रिका तपासायला आम्हाला विद्यापीठात बोलावत. डोंगराच्या पायथ्याशी तो लांबलचक हॉल, चाळीस टेबलं, वाळ्याच्या पडद्यांवर शिपाई पाणी मारतो आहे, कूलरच्या आवाजात लाल पेनं चालताहेत. प्रत्येकापुढं पेपर काढणाऱ्यानं दिलेलं नमुना उत्तर. त्या वर्षी पेपर मीच काढला होता, नमुना उत्तर माझंच होतं. मुलांची नावं नसत, नंबरही फाडून घेतलेले. शेजारचे सर म्हणायचे, "बाई, मुद्दे मोजा आणि पुढं चला. वाचत बसलात तर जूनमध्ये घरी जाल."

दुपारी तीनच्या सुमारास एक उत्तर समोर आलं. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या. पहिले दोन मुद्दे कसेबसे होते. मग लिहिलं होतं, विहिरीतलं पाणी मी वाकून पाहिलं काय, न पाहिलं काय, तेवढंच राहतं. तिथं या तत्त्वज्ञाचं बरोबर आहे. पण माणसाचं तसं नाही. माझ्या बहिणीला घरात सगळे ढ समजतात. ती आधी ढ नव्हती. समजून समजून तिला तसं केलं. जाणल्यानं वस्तू बदलत नसेल, माणूस बदलतो. चुकीचं जाणलं तरी बदलतो. म्हणून जाणणाऱ्यानं जपून जाणावं.

मी हे वाचलं. वाचलं नाही, असं मला म्हणता येणार नाही. मग समासातले मुद्दे मोजले. सहापैकी दोन. बहीण, विहीर, हे नमुना उत्तरात कुठं बसत नव्हतं. वीसपैकी तीन दिले, पूर्ण पानावर तिरकी रेघ ओढली आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली. त्या दिवशी हॉलमध्ये आंब्याची डाळ आणि पन्हं होतं, कुणाच्या तरी घरून आलेलं. पन्ह्यात वेलदोडा जास्त झाला होता. तो वेलदोडा मला अजून आठवतो.

निकाल जूनमध्ये लागला. पाऊस नव्हता, आभाळ नुसतं पांढरं. दुपारी फाटक वाजलं. बाहेर एक मुलगी आणि तिचे वडील. कन्नडहून सकाळच्या एसटीनं आले होते. मुलीचं नाव वैजयंता. तिच्या कॉलेजातल्या सरांनी माझा पत्ता दिला होता. वडील साखर कारखान्यात काम करायचे. मी आत या म्हटलं तरी ते पायरीखालीच उभे राहिले, टोपी हातात धरून.

"मॅडम, एका पेपरानं ऱ्हायली पोरगी," ते म्हणाले. "चार मार्कानं. पास झाली असती तर बी.एड.ला घालायची व्हती. आता पाव्हणे बघून गेलेत, ते थांबत नाय म्हणतात."

"आबा, तुम्ही गप बसा जरा," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, मला मार्क नको मागायचे. फक्त एक विचारायचंय. तुमच्याच नोट्स वाचून मी पेपरला गेले. पण शेवटी मी माझं लिहिलं. ते चूक होतं का?"

"काय लिहिलंस?"

तिनं सांगितलं. विहीर. बहीण. जपून जाणावं.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बंद करून आले. तेवढ्या वेळात मला सगळं कळलं होतं. पेपर कुणी तपासला, रेघ कुणी ओढली, हे तर कळलंच. पण तिनं लिहिलेलं बरोबर आहे, हेही कळलं. त्या थोर माणसाच्या सूत्रात जिथं भोक होतं तिथं या मुलीनं बोट ठेवलं होतं. त्याच्या मित्रांनी दोरी आणि साप यांवर डोकं फोडून घेतलं. हिनं आपल्या घरातली बहीण पाहिली होती. फेरतपासणीचा अर्ज करायला अजून चार दिवस होते. मी एक वाक्य बोलायचं होतं.

पण मग नमुना उत्तर चूक ठरलं असतं. त्या एका उत्तरपत्रिकेवरून बाकीच्यांचा प्रश्न निघाला असता. परीक्षकानं उमेदवाराशी बोलायचं नाही हा नियम होता, तो मला त्या क्षणी फार सोयीचा वाटला. आणि त्याहूनही खरं सांगते, मुलांनो: पंधरा वर्षं मी जे सहा मुद्दे सांगितले त्यांत हा मला सुचला नव्हता. कन्नडच्या मुलीला सुचला होता.

"हो," मी म्हणाले. "विषयाला सोडून होतं. तत्त्वज्ञानात घरच्या गोष्टी लिहायच्या नसतात."

"बरं झालं सांगितलं मॅडम," ती म्हणाली. "मला उगं वाटत व्हतं, की बरोबरे."

वडील म्हणाले, "अर्ज करावा का मॅडम मग?"

"करून बघा," मी म्हणाले, अशा आवाजात, की त्यांनी करू नये.

त्यांनी केला नाही. मी दिलेलं पाणी पिऊन ते गेले. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता, ती पाय घासत चालत होती.

आता यापुढचं तुमच्या आजोबांनाही मी कधी सांगितलं नाही. त्याच संध्याकाळी मी निळी वही उघडली. तिचं म्हणणं माझ्या वळणदार अक्षरात लिहून ठेवलं. बहीण काढली, विहीर काढली, वाक्यं सरळ केली. डावीकडे तांबड्या शाईनं सातचा आकडा घातला. पुढच्या जानेवारीत सहा मुद्द्यांनंतर मी वर्गाला म्हणाले, "आता सातवा मुद्दा घ्या. टीका." मुलांनी घेतला. पुढं निवृत्त होईपर्यंत मी तो सांगत राहिले. नमुना उत्तरात त्याला चार गुण ठेवले होते. तिला तेवढेच कमी पडले होते. एका चर्चासत्रात एक पाहुणे प्राध्यापक मला म्हणाले, "बाई, हा आक्षेप फार मौलिक आहे." मी आभार मानले.

बरीच वर्षं मला असं वाटायचं, की ज्या तत्त्वज्ञाला मी शिकवते त्याच्याच म्हणण्याचा मला यात आधार मिळेल. खरी गोष्ट कुणाच्या कबुलीवाचून खरी असते, हे त्याचंच म्हणणं ना? मग तिचं बरोबर होतं, हे मी बोलले नाही तरी बरोबरच राहिलं. कुठंतरी शाबूत आहे. पण तसंच मी केलेलंही कुठंतरी शाबूत आहे. ते हॉलमधलं कुणाला ठाऊक नाही, उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली असेल, मी मेले की आठवणारंही कुणी नाही. दुसऱ्या पंथाचे लोक म्हणतात तसं जग मनातच असतं, तर माझ्याबरोबर हेही संपलं असतं. पण मी तर जन्मभर त्या दुसऱ्या पंथाला चूक ठरवत आले.

इराच्या प्रश्नानंतर मला राहवेना. कन्नडच्या त्या सरांचा मुलगा इथंच बँकेत आहे. त्याच्याकरवी शोध घेतला. वैजयंता बजाजनगरला राहते, नवरा वाळूजच्या एका कंपनीत. परवा गुरुवारी मी वही पिशवीत घातली आणि रिक्षा केली. पंचाहत्तरीच्या बाईनं भर दुपारी एवढ्या लांब जाऊ नये, हे तुमची आई फोनवर म्हणालीच. छावणीच्या पुढं ऊन असं होतं, की रस्त्याच्या कडेचे कलिंगडवालेही गाड्यांखाली झोपले होते.

दोन खोल्यांचं घर. दारातच शिलाई मशीन, खुंटीला शिवायला आलेली ब्लाउजपिसं, प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. मला आवडलं ते. तिनं चष्मा वर करून पाहिलं आणि क्षणात ओळखलं.

"अगं बाई! मॅडम? तुम्ही? आवं बसा की! प्रतीक्षा, पंखा लाव, पाणी आण. आमच्या मॅडम हायेत ह्या, औरंगाबादच्या लई मोठ्या!"

प्रतीक्षा तिची धाकटी मुलगी. बारावीला आहे. पलंगावर वह्या पसरून बसली होती, दुसऱ्या दिवशी तिचा समाजशास्त्राचा पेपर होता. पाणी देऊन ती पुन्हा वह्यांत गेली.

मी घरून वाक्यं जुळवून आणली होती, क्रमानं. पण सगळी एकदमच सांगितली. पेपर मी तपासला होता. तुझं बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोलले.

वैजयंता हसायला लागली. मनापासून, हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसत.

"काय मॅडम! एवढ्या उन्हात हे सांगायला आलात? जाऊ द्या ना. मला डोकंच नव्हतं अभ्यासाचं. आमच्या सासूबाई पण म्हणायच्या, हिला ब्लाउज जमतो, बाकी नाय."

"तुला डोकं होतं. माझ्याकडे आहे लिहिलेलं." मी वही काढली आणि वाचून दाखवलं. मी काढून टाकलेली बहीण परत घालून, विहीर परत घालून, आठवेल तसं.

ती ऐकत राहिली. मशीनच्या चाकावर हात होता. ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येईल, म्हणून मी वाचता वाचता वर पाहत होते. काही आलं नाही. आवडलं, एवढंच आलं.

"लई भारी लिहिलंय," ती म्हणाली. "पण हे माझं नसंल मॅडम. तुमचीच वही, तुमचंच अक्षर. तुमचंच असणार हे."

"बहिणीचं तूच लिहिलं होतंस. तुझी बहीण..."

"ताई व्हय? ती गेली की. सात वर्षं झाली." तिनं मशीनचं चाक हलकेच फिरवलं. "ती मात्र खरंच ढ होती, बिचारी. माझ्यासारखीच."

तीस वर्षांपूर्वी वीस वर्षांच्या मुलीनं जे लिहिलं ते खरं होतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणत्या ग्रंथात सापडला असता? आणि तो पुरावा माझ्यासमोर बसून मला विचारत होता, साखर किती घालू. एकदा समजूत अंगात शिवून टाकली की उसवत नाही. जिनं शिवली तिच्याही हातानं नाही. मी अजून दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा ती जरा घाबरली. म्हातारी माणसं भ्रमतात तेव्हा घरातले पाहतात तसं तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही मोठ्या मनाच्या आहात मॅडम. म्हणून असं वाटतं तुम्हाला."

चहा झाला. ऊन तसूभरही उतरलं नव्हतं. मी निघायला उठले तशी ती म्हणाली, "मॅडम, एक काम करा ना. हिला जरा सांगा. सरांनी नोट्स दिल्यात, चांगले पाच पाच मुद्दे काढून. ही बाई ऐकत नाय. म्हणती, मला पटत नाय ते, मी माझं लिहिणार. मार्क गेले तर? हिचे पप्पा म्हणलेत, साठच्या वर पडले तरच कॉलेज."

प्रतीक्षानं मान वर केली. "आई, चुकीचंच दिलंय ते सरांनी. कुटुंबात सगळ्यांचे हक्क समान असतात म्हणे. कुणाच्या घरात असतात?"

"बघा! ही अशी. सांगा तुम्ही."

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मुलगी तर अशी पाहत होती, की मी तिच्या बाजूनं बोलणार याची तिला खात्रीच होती. मघापासूनचं सगळं तिनं ऐकलं होतं ना. घरात कुणी विश्वास ठेवला असेल माझ्यावर, तर तिनं ठेवला होता.

मला हॉल दिसत होता. चाळीस टेबलं. आताही असतील. मुद्दे मोजा आणि पुढं चला.

"सरांनी दिलंय तसंच लिही," मी म्हणाले. "एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस."

वैजयंतानं सुटकेचा श्वास टाकला. प्रतीक्षा वाद घालेल असं वाटलं. मला मॅडम म्हणत रागानं काही बोलली असती तरी मला चाललं असतं. पण ती तुमच्याच वयाची, आणि चांगल्या वळणाची मुलगी.

"बरं, आजी," ती म्हणाली, आणि सरांची वही पुढं ओढली.